कुत्र्याचं नाव आत्मा

"काकी, वईशी या जरा. वालाच्या शेंगा धरा पोपटीला. आणि ऐकलंत का, आमची मुंबईची पोर आलीय. तिच्या तत्त्वज्ञानातल्या एका जर्मन म्हाताऱ्याच्या भानगडी सांगत होती!"

"कोण गो तो? लग्नाबिग्नाचं नाही ना काही?"

"छे! 1860 सालीच गेला तो. शोपेनहावर. लग्नच केलं नाही. फ्रँकफुर्टात एकटा राहायचा, सोबतीला कुत्रा. त्याचं नाव काय, तर आत्मा!"

"अगो बाई! म्हणजे 'आत्म्या, यू यू' करायचा?"

"आणि घरात बुद्धाची मूर्ती, सोन्याचा मुलामा दिलेली. बुद्ध सांगतो आत्मा नाही, आणि आत्मा त्याच्याच पुढ्यात शेपूट हलवतोय!"

"पण तिकडे बुद्ध त्याला भेटला कुठे?"

"पुस्तकांत. आधी उपनिषदं वाचली, तीही फारसीवरून लॅटिनमध्ये गेलेली. मग बौद्ध धर्मावरची पुस्तकं हाती लागली, तर खूश! हे तर मी म्हणतो तेच, म्हणे. दुःखाचं मूळ हाव, नीतीचं मूळ करुणा."

"खोटं नाही बोलला. पण त्याने सोडलं काय?"

"तीच तर मेख. जेवायला रोज हॉटेलात, वर बासरी. नीत्शे नावाच्या तत्त्वज्ञाने 1886 च्या पुस्तकात चिमटाच काढलाय, निराशावादी म्हणवतो आणि बासरी कसली वाजवतो!"

"वाजवेना बापडा. कृष्णाला कोणी विचारलं का? मला खटकतं ते दुसरंच. करुणा करुणा म्हणायचं आणि उंबरठा ओलांडायचा नाही. आपल्या गावचा विन्या बघ, म्हणजे विनोबा. 1895 चा जन्म इथला. सर्टिफिकेटं चुलीत घातली नि निघाला. पुढे 1951 पासून भूदानासाठी गावोगाव पायी. धम्मपद वाचून थांबला नाही, त्यातल्या गाथांची नवी मांडणी केली. 1954 ला बोधगयेत समन्वय आश्रम काढला. वेदान्ती आणि बौद्ध, म्हणजे आत्मा मानणारे नि न मानणारे, एका पंगतीला!"

"हो, आणि त्यांच्यामागून एक इटलीचा तत्त्वज्ञही चालला होता म्हणे, लांझा देल वास्तो. फ्रेंचमध्ये विनोबांवर अख्खं पुस्तक लिहिलं त्याने."

"बघ! मग पोरीला सांग, पेपरात हेच लिही."

"विनोबा अभ्यासक्रमात नाहीत, काकी. शोपेनहावर आहे."

"आणि कुत्रा?"

"तोही नाही."

"मग विचारतात तरी काय? शेंगा कोवळ्या आहेत हो, अजून असतील तर आण."