लाल डब्यांचे सर

सरांनी आयुष्यात एकही तास घेतलेला नाही. नोकरी झाली ती बँकेच्या खिडकीमागे. पण खांद्याला शबनम, पायात कॅनव्हासचे बूट आणि जिभेवर सनावळ्या असा ऐवज घेऊन हिंडणाऱ्या माणसाला 'सर'च म्हणायचं असतं. असा एक सर हल्ली प्रत्येक जुन्या गावात निघतो. सोलापुरातला रविवारी सकाळी साडेसहाला बाळीवेशीत उभा असतो, दहा-बारा पोरं आणि त्यांचे अर्धवट झोपेतले पालक घेऊन. वेळेत सूट नाही, कारण एप्रिलातलं इथलं ऊन इतिहासाची भीडभाड ठेवत नाही.

नुसत्या वारसाफेरीत पोरं जांभया देतात हे ध्यानात आल्यावर सरांनी इंग्लंडहून एक खेळ आणला. म्हणजे वाचून आणला. डार्टमूरच्या माळावर क्रॅनमियर पूल नावाची आडवाटेची दलदल आहे. 1854 मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं तिथं एक बाटली ठेवली. चिखल तुडवत पोचणाऱ्यानं आपलं कार्ड तीत टाकायचं. पुढे लोक पत्ता घातलेली पत्रंच ठेवू लागले आणि मागून येणाऱ्यानं ती उचलून पोस्टात टाकायची, असा शिरस्ता पडला. त्यातून माळभर डबे लपवायचे, ते शोधायचे आणि आतला शिक्का वहीत उमटवून घ्यायचा, हा छंद वाढला.

सरांनी बिस्किटांचे पाच डबे लाल रंगवले आणि गिरणीच्या धुराड्याचा रबरी शिक्का बनवून घेतला. तो उमटतो शेंगेसारखा. सोलापुरात तेही चालून जातं.

कोडी सर स्वतः रचतात, आणि गोची तिथंच होते. 'जिला दार नाही अशी वेस कोणती?' यावर एक तुकडी बाळीवेस म्हणाली, दुसरी तुळजापूर वेस, तिसरी विजापूर वेसेकडे पळतच सुटली. तिघांचंही बरोबर. गावाचा तट कधीच गेला, वेशी नावापुरत्या उरल्या. सरांच्या मनात एकच होती. उरलेल्यांना परत गोळा करण्यात वीस मिनिटं गेली.

'चीननं डोक्यावर घेतलेला सोलापूरकर?' 'मंच्युरियन!' एक चिरका आवाज आला. सर हसले नाहीत. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म 10 ऑक्टोबर 1910. पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून 1938 मध्ये चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथंच वारले. वय बत्तीस. सर हे इतक्या सपाट आवाजात सांगतात की पालक आपणहून मोबाईल खिशात घालतात.

सरांना तारीख अर्धी सोडवत नाही. कुणी '1930 चा मार्शल लॉ' म्हटलं की ते 'मे महिना' जोडतात. मात्र चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी ते डबा लपवत नाहीत, कोडंही घालत नाहीत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा; 12 जानेवारी 1931, येरवडा. एवढं बोलून टोपी काढतात आणि पुढे चालू लागतात.

एरवी त्यांच्या ज्ञानाला लगाम घालते ती गल्ली. परवा पाचव्या डब्यासाठी सगळे एका वाड्याच्या देवळीत हात घालत होते, तर ओट्यावरून अव्वांनी विचारलं, "काय हुडकायलाव?"

"खजिना. लपवलेले डबे."

"किती?"

"पाच."

"आमचे मालक संक्रांतीच्या आदल्या दिवशी नंदीध्वजामागं अडुसष्ट लिंगं फिरून यायचे. अनवाणी."

सर गप्प. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली असं मानतात. गड्ड्याच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सात नंदीध्वज घेऊन त्यांना तेलाचा अभिषेक करत अख्खं गाव पालथं घालतात. डार्टमूरची बाटली त्यापुढे कालचं पोर. हे सरांना ठाऊक नव्हतं असं नाही. सुचलं नव्हतं इतकंच.

तेवढ्यात डबा सापडला. आत शिक्का होता, वही होती आणि तिकीट लावलेली दोन पाकिटं.

"ती माझी," अव्वा म्हणाल्या. "लाल दिसला म्हणून टाकली. चार दिवस झाले, पोस्टमन काय फिरकंना."

एका पाकिटावर पिनकोड नव्हता. झालं. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला आणि तो घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित, ही माहिती भर उन्हात सगळ्यांना मिळाली. ती संपेना तेव्हा मंच्युरियनवाल्या पोरानं हात वर केला. "सर, मागून येणाऱ्यानं पत्र पोस्टात टाकायचं असतं ना?"

नियम सरांचाच होता. पाकिटं शबनममध्ये गेली आणि वरात खऱ्या टपालपेटीच्या शोधात निघाली. पहिल्या कोपऱ्यावर नाही. दुसऱ्यावर लाल दिसलं म्हणून पोरं धावली, तर तो पाणी मारायचा पिंप. अखेर सरांनी पानटपरीवाल्याला विचारलं, जवळपास पेटी कुठं आहे?

टपरीवाल्यानं चुना लावता लावता मान वर केली. "काय सर, दर रविवारी तुम्हीच सगळ्यांना सांगत हिंडताव की ओ!"