दर शंभर सेकंदाला एक कप

पुण्यात कुणी चहाच्या दुकानाची फ्रँचायझी घ्यायची ठरवली की घरात संशोधनाला ऊत येतो. काउंटरचं तोंड पूर्वेला येतंय का, हे वास्तुवाले बघून जातात. मुहूर्त पाडव्याचा धरायचा की अक्षय्य तृतीयेचा, यावर काथ्याकूट होतो. फीत कापायला नगरसेवक बोलवायचा की मालिकेतली सून, यावरून तर घरात दोन तट पडतात. सून महाग पडते, पण सेल्फी तिच्याबरोबरच निघतात. मग एका रविवारी हॉटेलच्या एसी हॉलमध्ये कंपनीचं सादरीकरण, सोबत पनीर टिक्का, आणि उठायच्या आत ५१ हजारांचं टोकन. इतक्या कसून केलेल्या अभ्यासात एकच प्रश्न राहून जातो : या कंपनीची आजवर किती दुकानं बंद पडली, आणि ती कुठे होती?

तो विचारणं अपशकुनी. शुभकार्यात असलं कुणी बोलतं का?

गिऱ्हाईक तरी कोण असतं? पीएफ आणि ग्रॅच्युइटी एकदम हातात पडलेले काका. व्हीआरएस घेतलेले भाऊजी. महामार्गात जमीन जाऊन मोबदला मिळालेले पाटील. ज्यांनी आयुष्यभर मेथीची जुडी उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय पिशवीत टाकली नाही, तीच ही माणसं. पण समोर टाय लावलेला मुलगा लॅपटॉप उघडून म्हणाला, ‘‘काका, टेन्शन घेऊ नका, आम्ही आहोत ना,’’ की जुडीवाली चिकित्सा संपते. मेथी विकणारी बाई टाय लावत नाही, हा तिचा दोष.

कंपनीच्या पत्रकात एक आकडा हमखास असतो : ‘दिवसाला फक्त ५०० कप’. त्यातला ‘फक्त’ फार गोड आहे. सकाळी ७ ते रात्री ९ दुकान उघडं ठेवलं, तर ५०० कप म्हणजे साधारण दर शंभर सेकंदाला एक कप. दुपारी अडीचच्या उन्हातसुद्धा. पुण्यात, दुपारी! १० रुपयांचा कप धरला तर दिवसाला ५ हजार आणि महिन्याला दीड लाख. हा आकडा पत्रकात ठळक असतो. दूध, साखर, गॅसचा व्यावसायिक सिलिंडर, दोन पोरांचा पगार, वीज आणि गाळ्याचं भाडं हे सगळं त्यातूनच जायचं, हे बारीक टाइपात. शिवाय पत्रकातला महिना नेहमी ३० दिवसांचा असतो आणि तीसही दिवस समोरचं कॉलेज चालू असतं. मे महिना, दिवाळीची सुट्टी, रस्ता खणणारी महापालिका यांना तिथे प्रवेश नाही.

अलीकडे ‘रॉयल्टी शून्य’ अशी पाटी लागते. ती वाचून काका हळवे होतात. मसाला, चहा पावडर, कागदी कप, अगदी बिस्किटंही कंपनीकडूनच, कंपनीच्याच दराने घ्यायची, हे कलम मागच्या पानावर असतं. रॉयल्टी गेलेली नसते, पावडरीत विरघळलेली असते. जिथे रॉयल्टी उघडपणे लावतात तिथे ती बहुधा विक्रीवर असते, नफ्यावर नाही; म्हणजे तुम्ही तोट्यात असलात तरी कंपनी नाही. फ्रँचायझी शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुम्ही मात्र गिऱ्हाइकाकडून ५ टक्के घेणार, आणि त्या ५ टक्क्यांच्या पद्धतीत भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे ते १८ टक्के खिशातूनच गेले असं समजायचं. हे सीए पाच मिनिटांत सांगतो. पण त्याच्याकडे जायचं ते मार्च संपताना, अशी आपली परंपरा आहे.

अमेरिकेत या बाबतीत फारच रुक्ष कारभार. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार सही होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला २३ कलमांचा दस्तऐवज हातात ठेवावा लागतो. कंपनीवरचे खटले, मालकांची दिवाळखोरी, सुरू-बंद दुकानांचे आकडे आणि नुकतेच सोडून गेलेल्यांची नावं व संपर्क, सगळं त्यात. १४ दिवस! तेवढ्यात आपल्याकडे मुहूर्त उलटून जाईल. भारतात फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. भिस्त मुख्यतः १८७२ च्या करार कायद्यावर. त्यामुळे बंद दुकानांची यादी आपली आपणच करायची. काम अवघड नाही. पत्रकातले शाखांचे पत्ते घेऊन स्कूटरवर निघायचं. तीनपैकी एका पत्त्यावर मोमो मिळत असतील, तर यादी सुरू झाली. कंपनीला विचाराल तर ती म्हणेल, आमची दुकानं बंद होत नाहीत, ‘स्थलांतरित’ होतात.

याच पुण्यात जुन्या अमृततुल्य चहाच्या दुकानांचा धंदा पसरला तो फ्रँचायझीविना. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी मंडळींनी देवांच्या नावाने दुकानं थाटली, पितळी पातेल्यात चहा उकळला. गावाकडचा भाचा-पुतण्या यायचा, कपबश्या विसळायचा, मग गाळायला शिकायचा, आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःचं दुकान काढायचा. भाडं किती आणि दूध नासतं किती, हे त्याला तोपर्यंत पाठ झालेलं असे. आज हा मार्ग सुचवून पाहा. ‘‘काका, पैसे भरण्याआधी महिनाभर त्यांच्याच एखाद्या दुकानात काम करा.’’

‘‘मी? अहो, मी ब्रँच मॅनेजर म्हणून रिटायर झालोय.’’

कर्ज मागायला आलेल्या चहावाल्याकडून याच गृहस्थांनी तीन वर्षांचे ताळेबंद मागितले असते, आणि तरी कर्ज नाकारलं असतं.

करारनाम्यातही गमती असतात. फ्रँचायझी पाच वर्षांची, गाळ्याचा लॉक-इन तीन वर्षांचा, आणि उत्साह सहा महिन्यांचा. भांडण झालंच तर लवाद कंपनीच्या शहरात. ‘तुमच्या एरियात दुसरं दुकान देणार नाही’ हे तोंडी. ज्या नावासाठी लाखो मोजायचे, ते ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं आहे का, हे सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतं. पण फुकट मिळणाऱ्या माहितीवर आपला विश्वास नाही.

काही चतुर लोक चालू दुकानदाराला गाठतात. तो सांगतो, ‘‘एक नंबर धंदा आहे, डोळे झाकून घ्या.’’ ऐकणारा खूश होतो. नवं गिऱ्हाईक आणून दिलं तर या दुकानदाराला कंपनीकडून काही मिळणार आहे का, हे तो विचारत नाही. हाच दुकानदार आपला गाळा, फ्रीझर आणि काउंटर कुणाच्या गळ्यात मारायचं या विवंचनेत असू शकतो, हेही त्याच्या मनात येत नाही. म्हणून साक्षीदार निवडावा तो दुकान बंद केलेला, आणि त्यातही फर्निचर विकून झालेला. ज्याचं फर्निचर अजून पडून आहे, तो आपण निघताना हळूच सुचवतोच : ‘‘तुम्ही घेणार असाल तर काउंटर बघून ठेवा, पूर्वाभिमुखच आहे.’’