हिशेब आक्काचा, पैसा आप्पाचा

(एकपात्री विनोदी प्रयोग. रंगमंचावर दोन खुर्च्या, मधे टेबल. टेबलावर लाल वही, मोबाइल, पाकीट आणि भडंगाची पुडी. कलाकार एकच, आवाज सगळ्यांचे.)

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून या गावातल्या प्रत्येकाला आपण नट आहोत असं वाटतं. आप्पाही त्यातलाच. आप्पा एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर आहे. जन्मापासून अंध. आवाज खर्जातला, पगार वेळेवर, आणि वर थोरली बहीण आक्का. आक्का घरी पिको-फॉल करते आणि आप्पाचा हिशेब बघते. इतर माणसं हिशेब ठेवतात. आक्का हिशेब घेते.

(वही उघडून, आक्का) “दूध झालं, लाइट बिल झालं. हे ‘किरकोळ’ काय रे? साडेतीनशे किरकोळ?”

(तोंडात बकाणा भरून, आप्पा) “भडंग.”

“साडेतीनशेचं?”

“अख्ख्या कचेरीला दिलं की. एकट्यानं खाल्लं तर कुरकुर ऐकू जाते साहेबाला. सगळ्यांनी खाल्लं की कुणाची कुरकुर ते कळत नाही.”

(पाकीट उचलून, नोटा काढत) आता आप्पाचं पाकीट. 8 नोव्हेंबर 2016च्या रात्रीपर्यंत या पाकिटात शिस्त होती. शंभराची नोट 157 मिलिमीटर लांब, पाचशेची 167, हजाराची 177. प्रत्येक पायरी एक सेंटिमीटरची. बोटांनी नोट मापायची, वरची की खालची ते ठरवायचं आणि पुढे सरकायचं. मग नोटबंदी आली. सगळा देश रांगेत उभा राहिला, आप्पाही राहिला. बाकीच्यांना नवी नोट मिळाली, आप्पाला नवं कोडं मिळालं. नवी पाचशेची नोट 150 मिलिमीटर! म्हणजे पाचशे रुपये जुन्या शंभरापेक्षा आखूड, आणि बाजारात दोन्ही चालू. पुढे दोनशेची आली 146 ची, नवी शंभराची 142 ची. नोट बदलते तीनशे रुपयांनी आणि लांबी बदलते इंद्रायणी तांदळाच्या दाण्याएवढी.

(नोटेवर अंगठा फिरवत) खुणा दिल्यात, नाही असं नाही. पाचशेवर उठावाचं वर्तुळ, दोनशेवर इंग्रजी एच, शंभरावर त्रिकोण. कडेला तिरप्या रेघा. पाचशेला पाच, शंभराला चार. नोट कोरी करकरीत असेपर्यंत ही भूमिती हाताला लागते. तीच नोट आठवडाभर मार्केट यार्डात फिरली, तिला सांगलीची हळद लागली, की ती संसाराला लागली! मग कसलं वर्तुळ आणि कसला त्रिकोण. नोटा-नाणी ओळखण्याचा हा प्रश्न घेऊन नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली होती.

आप्पानं स्वतःपुरता निकाल लावला. पाचशेला उभी घडी, दोनशेला आडवी, शंभर सपाट. मापायची गरजच नाही.

एका रविवारी आक्कानं पाकीट आवरलं.

(आक्का, प्रेमानं, नोटा सरळ करत) “कसं कोंबलंय बघ पोरानं! चुरगाळलेल्या सगळ्या.” एकूण एक नोट तिनं तळहातानं दाबून सरळ केली आणि एकाखाली एक रचली. संध्याकाळी आप्पा रिक्षातून उतरला आणि शंभर समजून पाचशेची नोट पुढे केली. रिक्षावाला सज्जन निघाला. (रिक्षावाला) “आप्पा, रिक्षाचं भाडं विचारलं मी, रिक्षाची किंमत नाही.” त्या दिवसापासून आक्काला पाकिटाला हात लावायला बंदी आहे. वही तेवढी तिच्याकडे.

तसं आता मोबाइल सांगतो नोट कितीची ते. रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ नावाचं ॲप आहे, 1 जानेवारी 2020 पासून. फुकट, इंटरनेटशिवाय चालतं. नोटेवर कॅमेरा धरला की रक्कम बोलतं. खरी की खोटी ते मात्र सांगत नाही. आप्पा म्हणतो, एवढं तर नातेवाईकही सांगत नाहीत.

(दोन्ही खुर्च्या प्रेक्षकांकडे वळवतो.) प्रवेश दुसरा. बँक. नाव नको, सगळ्यांनी ओळखलेली आहेच. आप्पाला चेकबुक हवं. आप्पा डाव्या खुर्चीत, आक्का उजव्या. कारकून बोलतो उजव्या खुर्चीशी.

(कारकून) “यांना सही येते का?” (आप्पा) “येते.” (कारकून, आक्काकडेच बघत) “हे पाणी घेणार का?” (आप्पा) “घेणार.” (कारकून, आक्काला) “ऐकू येतं वाटतं यांना!”

(आक्का उसळून) “त्याचं कामच टेलिफोनचं आहे हो!”

कारकून समजुतीच्या सुरात सांगतो, चेकबुक अवघड आहे, त्यापेक्षा बहिणीचं नाव खात्याला जोडा. आप्पा काही बोलत नाही. मोबाइल टेबलावर ठेवतो आणि एक बटण दाबतो. अंध माणसाचा फोन किती वेगानं वाचतो हे ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे. (श्वास न घेता, शब्दच कळणार नाहीत इतक्या वेगानं बडबडतो. थांबतो.) कारकून घाबरून विचारतो, “काय बिघडलं?” आप्पा म्हणतो, “बिघडलं नाही. रिझर्व्ह बँकेचं 4 जून 2008चं परिपत्रक आहे. तुमच्यासाठी सावकाश लावू का?”

त्या परिपत्रकात सगळं आलंय. अंध माणूस करार करायला कायद्यानं सक्षम आहे. चेकबुक, दुसऱ्याच्या नावाचा चेक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज, क्रेडिट कार्ड, काहीही नाकारायचं नाही. चेकबुक आलं. आक्कानं पहिला चेक फोटो काढायला मागितला, आप्पानं तो भडंगवाल्याला दिला.

मग केवायसी, तीही मोबाइलवर. (यंत्राच्या आवाजात) “कृपया कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकवा.” (आप्पा, इकडेतिकडे मान फिरवत) “कुणाकडे बघून? आणि आक्का शेजारी असताना मिचकवू?” हसू येतं खरं. पण ॲसिड हल्ला झालेल्या ज्या बायकांच्या पापण्याच हलत नाहीत, त्यांनी काय करावं? त्या आणि एक अंध वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. 30 एप्रिल 2025 ला निकाल लागला : डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. न्यायालयानं 20 निर्देश दिले. पापण्या हलवण्याला दुसरा पर्याय ठेवा, हा त्यातला मुद्दा. आक्कानं वहीत तारीख लिहून ठेवली. जमेच्या बाजूला.

मार्चमध्ये शेजारचे निवृत्त तलाठी येतात, कोणी न बोलावता. (तलाठी) “आक्का, भावाला अवलंबून दाखवा की! 80-डीडी! भावा-बहिणींनाही लागू आहे. 75 हजारांची वजावट, अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची!” नियम खरा आहे, जुन्या करपद्धतीत. पण भाऊ खरंच तिच्या आधारावर जगत असला तरच. (आप्पा, खुर्चीतून उठून) “मी अवलंबून? भाजी कोण आणतं? सिलिंडर कोण बुक करतं? तुझ्या मशीनची सुई तुटली की रात्री कोण ओवून देतं?” सुई तोच ओवतो, बोटांवर. आक्काला चाळिशी लागलीय. शेवटी वजावट आप्पानंच घेतली, स्वतःच्या पगारावर, 80-यू खाली. तलाठ्यांना चहा मिळाला.

(वही हातात घेऊन, हळूच) यंदा आक्काला नवं पिकोचं मशीन हवं होतं. पैसे आप्पाकडे, म्हणून कर्ज त्याच्याकडूनच. आता आली पंचाईत! दिव्यांग हक्क कायदा, 2016, कलम 13 : अपंग माणसाला मदत करणाऱ्याचं हित एखाद्या व्यवहारात त्या माणसाच्या हिताशी टक्कर घेत असेल, तर त्या व्यवहारात मदतनिसानं बाजूला व्हायचं. म्हणजे आक्कानं स्वतःच्या कर्जाचा कागद आप्पाला वाचून दाखवायचा नाही. वाचला तलाठ्यांनी. दोनदा वाचला, मधे एकदा सातबाऱ्याची चौकशी केली. आप्पानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “व्याज लिहिलंय का?”

(आक्का) “सख्ख्या बहिणीला व्याज?”

(आप्पा) “व्याज पैशात नको. दर महिन्याला एक नाटक, भावे नाट्यमंदिरात, पहिल्या रांगेत. दोन तिकिटं.”

“पहिली रांग कशाला रे? तुला दिसत नाही.”

“म्हणूनच. मागं बसलं की नाटकापेक्षा वेफर्सची पाकिटं जास्त ऐकू येतात. पुढं नटाचा श्वास ऐकू येतो. कुठलं वाक्य विसरलाय ते मला त्याच्याआधी कळतं.”

हल्ली महिन्याला एकदा दोघं नाटकाला असतात. रंगमंचावर कुणी न बोलता काही केलं की आक्का कानात सांगते, जरा मोठ्यानंच, आणि मागचे शुक् शुक् करतात. मध्यंतरात वडा. पैसे कोण देणार यावर तिथंच उभ्या-उभ्या भांडण होतं आणि आप्पा जिंकतो, कारण घडी त्याची पक्की असते. वहीत आता ‘किरकोळ’ या नावाचं वेगळं पान आहे. अक्षर आक्काचं, मजकूर आप्पाचा.

(वही मिटून, प्रेक्षकांकडे) समोर कुणी बँकेतले बसले असतील, तर एक विनंती. काउंटरवर अशी जोडी आली की पैसे ज्याचे आहेत त्याच्याशी बोला. उत्तर थोडं लांबेल, तेवढं सांभाळून घ्या. माणूस सांगलीचा आहे.

(पडदा)