दातांना सवलत नाही

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्य सरकारनं ऑगस्ट 2022 मध्ये एसटी मोफत केली. त्यामुळे धाराशिव स्थानकात तुळजापूरच्या गाडीत बसलेल्या आजींना तिकिटाची चिंता नव्हती. गाडी अडली ती शेवेच्या पुड्यापाशी. आधी बोटं, मग पदराचं टोक, मग उरलेली एकुलती दाढ. शेवटी पुडा शेजारच्या पोराकडे गेला. ‘‘लेकरा, एवढं फोडून दे की.’’ पोरानं जोर लावला, पुडा उभा फाटला आणि निम्मी शेव सीटखाली गेली.

यात दोष आजींचा नाही, पोराचाही नाही. या चकचकीत प्लॅस्टिकची खोडच अशी, की चीर पडता पडत नाही आणि एकदा पडली की थांबत नाही. म्हणून तर कडेला खाच ठेवतात. ती शोधायला चष्मा लागतो, आणि शेजारची सूचना इंग्रजीत!

कंपनीवाले विचारतात, सील पक्कं नको का? हवंच. हवा शिरली तर शेव सादळेल. पण पक्क्या सीलचं आणि ठळक खाचेचं वैर कुठं आहे? खाच वेगळ्या रंगात दाखवा, चिमटीत धरायला बोटभर पट्टी सोडा. वेष्टन म्हाताऱ्या, अधू हातांनाही उघडता यावं, यासाठी आयएसओ 17480 हे आंतरराष्ट्रीय मानक 2015 मध्येच आलंय. आपल्या नियमांत लेबलावरच्या अक्षरांची उंची मिलिमीटरमध्ये ठरलीय. बोटांतल्या जोराचा हिशोब मात्र गिऱ्हाइकानं ठेवायचा.

ही जगाची जुनीच रीत. पत्र्याच्या डब्याचं पेटंट इंग्लंडात 1810 मध्ये निघालं. तो उघडायचं धड हत्यार यायला पुढं चाळीसहून जास्त वर्षं लागली. तोवर छिन्नी-हातोडा! त्यापेक्षा आपला कुंथलगिरीचा पेढा शहाणा. खोक्याचं झाकण उचललं की पेढा तोंडात. तो शेवेइतका टिकत नाही, हे मान्य. पण टिकाऊ माल खाणाऱ्याच्या तोंडापर्यंत पोचायला नको?

तेव्हा नवा पुडा बाजारात आणण्याआधी कंपनीच्या साहेबांनी एकदा एसटी स्टँडवर यावं. सुरी न देता तो चार म्हाताऱ्यांच्या हाती द्यावा आणि गप्प उभं राहावं. उघडला, तर शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याशेजारी आणखी एक ओळ खुशाल छापावी : ‘सुरी, दात आणि नातू यांच्याशिवाय उघडतो.’ जाहिरातीचा खर्च वाचेल.