नवशिक्या ट्रकमालकासाठी चार धडे

ट्रक घेतलात, अभिनंदन. नारळ फुटला, लिंबू-मिरची लटकली, मागच्या फळीवर गाईवासरू रंगवून झालं. आता गाडी मन्नाएखेळ्ळीच्या चौकात आणा आणि चहा सांगा. पूर्वेला जहीराबाद, पुढे हैदराबाद. पश्चिमेला हुमनाबाद, उमरगा, सोलापूर. उत्तरेला बिदर, दक्षिणेला चिंचोळी. चहूकडे माल आहे. रस्ता मात्र तुमचा नाही, हा पहिला धडा.

मग कुणाचा? हा निजामाच्या मुलखातला हैदराबाद-सोलापूर रस्ता. १९५६ साली राष्ट्रीय महामार्ग कायदा झाला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बिदर आणि त्यासोबत हे गाव म्हैसूर राज्यात गेलं. गाव बंगळूरकडे, गावातला रस्ता दिल्लीकडे, अशी वाटणी झाली. त्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे महामार्गाची मालकी केंद्राची आणि कलम ७ प्रमाणे त्यावर फी लावण्याचा हक्कही केंद्राचाच. क्रमांक तेवढा बदलला. जुन्या नऊचा ६५ झाला. वाहनांवरचा कर मात्र घटनेने राज्यांकडे ठेवला. म्हणून दारात उभ्या ट्रकचा कर बंगळूर घेतं, चालू लागलेल्या ट्रकची फी दिल्ली घेते आणि टाकीत ओतलेल्या डिझेलवरचा रस्त्याचा उपकर पुन्हा दिल्लीच. तक्रार करायची झाली तर आधी ट्रक चालतोय की उभा आहे ते ठरवून घ्या.

दुसरा धडा मंगलगीच्या टोलनाक्यावर. इथे चाकं नव्हे, एक्सल मोजतात. २००८ च्या नियमांत चौपदरी रस्त्यासाठी किलोमीटरमागे पायाभूत दर असे होते: मोटारीला ६५ पैसे, दोन एक्सलच्या ट्रकला २ रुपये २० पैसे, तीन एक्सलला २.४०, चार ते सहा एक्सलला ३.४५, सात आणि त्यावर ४.२०. हे दर २००७-०८ चे. त्यानंतर दर १ एप्रिलला ते चढतात. सरळ तीन टक्के, वर घाऊक किंमत निर्देशांकाच्या वाढीचा चाळीस टक्के भाग. एप्रिल फूलची तारीख सरकारने विचार करूनच निवडली असावी. फास्टॅग समोरच्या काचेवर चिकटवा, खिशात ठेवू नका. तो नसेल आणि रोख काढलीत तर दुप्पट भरावे लागतात.

तिसरा धडा वजनाचा, आणि तो सावकाश शिका. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून रात्रंदिवस ट्रक पळवले आणि रस्ते मोडू दिले. निघालं असं की रस्त्याची झीज एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट, तर झीज सोळा पट. एक पंचमांशच जास्त भरलंत तरी झीज दुप्पट. आता वरचे दर पुन्हा वाचा. दोन एक्सलचा ट्रक मोटारीच्या साडेतीन पटही भरत नाही आणि रस्ता मोडतो हजारो पटींनी. मोटारवाला ट्रकमागे अडकला की शिव्या देतो, पण ट्रकच्या वाट्याची खडी-डांबर बऱ्याच अंशी तोच भरतोय हे त्याला ठाऊक नसतं. तुम्हीही सांगू नका.

सरकारला हे कळतं, म्हणून त्याने आधी मर्यादा सैल केली आणि मग दंड वाढवला. जुलै २०१८ मध्ये दोन एक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर नेलं, तीन एक्सलचं २५ वरून २८.५ वर. रस्ते तेच राहिले. पुढच्याच वर्षी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा मालाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आला. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही आणि उतरवायचा खर्चही तुमचाच. काटा टाळून निसटायचा विचार असेल तर त्यालाही दर आहे, ४० हजार. तेव्हा निघण्याआधी आपल्याच पैशाने धरमकाट्यावर चढा.

हे सगळं पाठ करत असताना पुढे दोन ट्रॉल्या ओढत चाललेला उसाचा ट्रॅक्टर लागेल. ऊस दोन्ही बाजूंना एवढा बाहेर आलेला, की मागून ट्रॅक्टर दिसत नाही. फक्त गाणं ऐकू येतं. त्याला टोल माफ आहे. बैलगाडीलाही आहे. हेवा करू नका, गळीत हंगाम संपला की तो शेतात जातो, तुम्ही नाक्यावरच राहता.

शेवटचा धडा सवलतीचा. नाका ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात नोंदलेल्या व्यापारी वाहनाला काही अटींवर निम्मी फी आहे. तुमची पाटी केए ३८, म्हणजे बिदरची. उमरग्याच्या मेव्हण्याचा एमएच २५ वाला ट्रक पूर्ण भरतो. पण नियमात पुढे कंस आहे: नॅशनल परमिटवर धावणारी वाहनं सोडून. इथून तासाभराच्या अंतरात एकीकडे तेलंगण लागतं, दुसरीकडे महाराष्ट्र. नॅशनल परमिट नसेल तर भाडं राज्यातल्या राज्यात, आणि तेही रोज नाही. आता चहाचे पैसे द्या आणि परमिटचा अर्ज भरा.