आठ नंबरचे आबा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत 'साहेब' आणि 'दादा' या दोन्ही जागा फार पूर्वीच भरल्या गेल्या. उरलेल्या कर्तबगार मंडळींना आबा, तात्या, बापू, आण्णा यांतलं जे रिकामं सापडेल त्यावर भागवावं लागलं. आपण आबा घेऊ. आबा म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत; काटेवाडीपासून सराटीपर्यंत दर दोन गावांमागे एक या हिशेबाने ते आढळतात. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीच्या खिशात दोन मोबाईल, दोन्ही वाजतायत आणि आबा ड्रायव्हरच्या मोबाईलवरून तिसऱ्याच माणसाला झापतायत. ते कारखान्याचे संचालक असतात, नसले तर माजी असतात, आणि माजीही नसले तर भावी असतात. कोणता कारखाना ते मी सांगणार नाही. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा एवढे सहकारी कारखाने या दोन तालुक्यांत असल्यामुळे, हे शेजारच्या कारखान्याबद्दल लिहिलंय असं समजण्याची सोय प्रत्येक वाचकाला आहे.

आबांचा पुतण्या हिंजवडीच्या एका कंपनीत माणसं नेमण्याच्या खात्यात आहे. दिवाळीला आला तो लॅपटॉपमध्ये एक प्रश्नपत्रिका घेऊन. एनिअग्राम म्हणून माणसांचे नऊ प्रकार पाडणारी एक पद्धत आहे. चिलीतल्या आरिका गावात ऑस्कर इचाझो नावाचे गृहस्थ ती शिकवत, क्लॉडिओ नारान्हो या मनोविकारतज्ज्ञाने 1970 च्या सुमारास ती कॅलिफोर्नियात नेली, आणि पुढे ती कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत शिरली. शास्त्राच्या कसोटीवर ती फारशी उतरत नाही, असं मानसशास्त्रातले बरेच जण म्हणतात. पण आपल्याकडे पत्रिका तरी कोणत्या कसोटीवर उतरते? लग्नं जमतातच.

"लोक तुम्हाला घाबरतात असं वाटतं का?" पुतण्याने विचारलं.

"कोण म्हणतंय? नाव सांग त्याचं."

पुतण्याने 'होय'वर टिचकी मारली.

"मतभेद झाले तर तोंडावर बोलता का?"

"मतभेद होतच न्हाईत."

"दुसऱ्याच्या तंत्राने चालायला तुम्हाला जड जातं का?" यावर आबांनी लॅपटॉपच मिटला. तेवढ्यावरही निकाल लागला: आठ.

"आठ?" आबा खुर्चीतून उठले. "नऊ जणांत आठवा? पयला कोण आला?"

हा क्रमांक नाही, प्रकार आहे. आठ म्हणजे कुणालाही आव्हान देणारा, जन्माचा पुढारी, हे पुतण्याने परोपरीने समजावलं. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फेरमोजणी मागितली.

खरं तर या मातीत हा पिंड जुना आहे. 1740 मध्ये थोरले बाजीराव गेल्यावर पेशवेपद त्यांच्या मुलाला न देता आपल्याला मिळावं, म्हणून बारामतीच्या बाबूजी नाइकांनी शाहूमहाराजांकडे खटपट केली होती. मागे नागपूरकर रघूजी भोसल्यांचं बळ होतं. बाबूजी हे पेशव्यांचे सावकार, शिवाय सोयरे. त्यांचे सख्खे भाऊ बाजीरावांचे मेहुणे. पद काही मिळालं नाही. पण सोयऱ्याच्याच विरोधात पॅनेल टाकायचं, बाहेरून मोठ्या माणसाचा पाठिंबा आणायचा, पडलं तरी तालुका सोडायचा नाही, ही रीत तेव्हापासून अखंड चालू आहे. याच नाइकांच्या आश्रयाला कवी मोरोपंत आले आणि कऱ्हेकाठी निवांत बसून त्यांनी लिहिलं. एका हाताने भांडण आणि दुसऱ्या हाताने पोशिंदेपण, असा हा सगळा कारभार.

आबांचं पोशिंदेपण पाहायचं तर नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटल्यावर पाहावं. कालवा इंग्रजांच्या काळातला. तो वीर धरणापासून निघतो, बारामती भिजवतो आणि इंदापूरला टेलला पोचेपर्यंत त्याच्यात दम राहत नाही. मधल्या वाटेवर लोकांनी डोंगळे, म्हणजे पाणी चोरून ओढणारे पाइप, टाकलेले असतात. आबा रात्री दोनला बोलेरो काढतात, कालव्याच्या भरावावरून फिरतात आणि दिसेल तो डोंगळा स्वतःच्या हाताने उपसून टाकतात. त्यात सख्ख्या मेव्हण्याचाही सुटत नाही. त्यांचा स्वतःचा एक आहे, पण तो प्रायोगिक तत्त्वावर आहे. सकाळी कार्यकारी अभियंत्याच्या टेबलावर हात आपटायलाही तेच पुढे. टेलच्या माणसाला सरकारदरबारी आवाज नसतो, म्हणून आबा त्याच्या वाटचा आवाजसुद्धा स्वतःच काढतात.

गेल्या हंगामात पहाटे तीनला फडातल्या कोप्यांवरून निरोप आला. बीडकडच्या ऊसतोड टोळीतली एक बाई अडली होती आणि मुकादमाचा फोन बंद. आबांनी स्वतः गाडी हाकली, रुग्णालयात शिरताच डॉक्टरला, शिपायाला आणि स्ट्रेचरच्या चाकाला एकेक शिवी दिली. नर्सने त्यांना बाहेर काढलं, तर सकाळपर्यंत व्हरांड्यात उभे राहिले. बाळाचं नाव त्यांनी गाडीतच ठरवून टाकलं होतं. मुलगी झाली म्हणून तेवढं रद्द करावं लागलं.

असा माणूस पुढारी म्हणून कुणाला नको असेल? अडचण सुरू होते ती संकट संपल्यावर. ज्या आवाजाने कालवा हलतो, त्याच आवाजात आबा चहात साखर कमी असल्याचंही सांगतात. संचालक मंडळ 21 जणांचं. त्यातले वीस जण बैठकीला येतात, सही करतात, भजी खातात. उपाध्यक्षांना स्वतःचं असं एक मत आहे, ही गोष्ट त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक आहे. सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत विषय वाचून पुरा व्हायच्या आत 'मंजूर, मंजूर' होतं, आणि आयत्या वेळचे विषय आबांनी महिनाभर आधी लिहून ठेवलेले असतात. ऊस आल्यापासून 14 दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला दर) मिळाली नाही तर 15 टक्के व्याज द्यावं लागतं, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातलं कलम विरोधात असताना आबांना तोंडपाठ होतं. सत्तेत आल्यापासून त्यांना फक्त साखरेचे पडलेले भाव पाठ आहेत. एवढं एक सोडलं तर ते सहसा शब्द फिरवत नाहीत.

पुतण्याच्या कागदावर 'सुधारणेला वाव' असा एक रकाना होता. आठ नंबराने 'माझं चुकलं' म्हणायला शिकावं, असं त्यात होतं. आबांची यासाठी वेगळी व्यवस्था आहे. चारचौघांत ज्याला वाट्टेल ते बोलले, त्या कारखान्याच्या चिटबॉयच्या दारात दुसऱ्या दिवशी डाळिंबाची पेटी येते. चिठ्ठी नाही, निरोप नाही. ड्रायव्हर पेटी ठेवतो आणि "आबांनी इचारलंय, जेवलास का" म्हणून निघून जातो. पेटीवरून अपराधाचं वजन कळतं. दोन पेट्या आल्या तर समजावं, आईवरून बोलले होते. ज्या वर्षी बागेवर तेल्या पडला, त्या वर्षी आबा फार तोलूनमापून बोलत असत.

मला विचाराल तर त्यांची खरी गोची आणखी वेगळी आहे. आबांना होयबांचा मनापासून तिटकारा आहे. "चुकलं तर तोंडावर सांगत जा लगा," असं ते प्रत्येकाला सांगतात, आणि ते इतक्या जोरात सांगतात की समोरचा घाबरून "होय आबा" म्हणतो. एकाने खरोखरच सांगितलं होतं. पुढच्या बैठकीत त्याची खुर्ची दाराजवळ होती.

अपवाद एकच, कालव्याचं पाणी सोडणारा एक पाटकरी. आबांनी त्याला रात्रीचं दारं उघडायला सांगितलं. तो म्हणाला, "तुमचा सात नंबरचा अर्ज न्हाय, आबा." आबा बोलत सुटले. त्यात पाटकऱ्याची बदली, त्याचं खातं, धरण बांधणारे इंग्रज असं सगळं येऊन गेलं. तो खोऱ्यावर हनुवटी टेकून ऐकत राहिला आणि आबा दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "अर्ज आणा." दुसऱ्या दिवशी आबांनी आयुष्यात पहिल्यांदा पाण्याचा अर्ज भरला. पुढे पाटकऱ्याच्या मुलीची कॉलेजची फीही भरली. त्याने मागितली नव्हती. आता पेचाचा प्रश्न आला की आबा कालव्यावर जातात. हाताशी वीस संचालक, आणि सल्ला घ्यायला पाटकऱ्याच्या चौकीवर.

आठ नंबराचा माणूस निवळला की तो दोन नंबराकडे झुकतो, असंही या पद्धतीत आहे. दोन म्हणजे सेवा करणारा. आपल्याकडे दोन नंबर कशाला म्हणतात ते ध्यानात घेऊन पुतण्याने ही गोष्ट आबांना सांगितली नाही. पण तुकोबांची पालखी आली की दरवर्षी हे घडताना दिसतं. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, सणसरचा मुक्काम होतो, बेलवाडीला अश्व धावतात; अश्वांना आबांच्या सूचना ऐकू येत नाहीत, हे त्यांचं दुःख. दुपारी आबांची पंगत. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि वाढायला बाह्या सारून स्वतः आबा. "बसा! आरं बसा म्हंतो ना! भाकरी घ्या! एकीनं काय हुतंय, दोन घ्या!" नको म्हणणाऱ्या वारकऱ्याच्या ताटात तीन पडतात. सेवा ती हीच, फक्त हुकमाने.

यंदा परभणीकडच्या दिंडीतल्या एका म्हातारीने त्यांच्या हातातली परात धरली. "माउली, तुमी सकाळपासून उपाशी दिसताव. बसा खाली. मी वाढते."

वाढपी जागच्या जागी थांबले. आबा बसले. म्हातारीने पिठलं वाढलं आणि खिशातला मोबाईल वाजला तसं बोट दाखवलं, "ते बंद करा आधी." आबांनी बंद केला. अर्ध्या भाकरीवर उठायला लागले तर म्हणाली, "ताटात टाकायचं न्हाई." परत बसले, ताट चाटूनपुसून साफ केलं आणि हात धुता धुता ड्रायव्हरला जवळ बोलावलं.

"बाईंचं नाव-गाव लिहून घे. महिला राखीवची एक जागा आपल्या पॅनेलला अजून भरायची हाय."

"आबा, त्या सभासद न्हाईत. जिंतूरच्या हायत."

"मग शेअर काढ की त्यांच्या नावावर."