जावळीत जावळी नाही

मला गाडी लागते. अंधेरीत हे झाकून जातं, कारण एस. व्ही. रोडवर गाडी तेवढी हलतच नाही. त्यामुळे ‘जावळीच्या खोऱ्यातली जुनी गावं बघू’ असं मेव्हण्याने जाहीर केलं, तेव्हा मी फक्त आलेपाकाच्या वड्या घेतल्या. नकाशा त्याच्याकडे होता. मेव्हणा ऐतिहासिक कादंबऱ्या वाचतो आणि टोलनाक्यालाही ‘गनिमाची चौकी’ म्हणतो. त्याने फोनमध्ये ‘जावळी’ टाकलं. फोनने आम्हाला सातारामार्गे मेढ्यात आणून सोडलं.

समोर झेरॉक्सची दुकानं आणि फायली छातीशी धरलेली माणसं.

“चंद्रराव मोऱ्यांची जावळी कुठली हो?” मेव्हण्याने चहावाल्याला विचारलं.

“ही समदी जावळीच की, पाव्हणं. तालुका हाय.”

“तालुका नको, गाव.”

“गाव व्हय? ते म्हाबळेश्वर तालुक्यात.”

म्हणजे जावळी तालुक्याचं ठाणं मेढा, आणि जावळी गाव शेजारच्या तालुक्यात! १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली. मोऱ्यांचा सगळा भरवसा इथल्या डोंगर-जंगलावर होता. परका माणूस आत शिरला की चुकलाच पाहिजे. मोरे गेले, बंदोबस्त तसाच आहे.

आता केळघरचा घाट चढून महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी उतरायचा. आलेपाकाने तिसऱ्या वळणावर शरणागती पत्करली. बायको एका हाताने कॅरीबॅग आणि दुसऱ्या हाताने माझी मान धरून बसली. मागून मेव्हणा: “विचार करा भावजी, अफजलखान हत्ती-तोफा घेऊन रडतोंडीच्या घाटाने उतरला!” घाटाला ते नाव कोणी दिलं असेल, त्याला गाडीत पुढची सीट द्यायला मी तयार होतो.

प्रतापगड खिडकीतून दिसला. जावळी म्हणजे झाडीत दडलेली थोडी घरं. मग पार. इथे रामवरदायिनीचं देऊळ आहे आणि १० नोव्हेंबर १६५९ च्या शिवाजी महाराजांच्या भेटीआधी खानाची छावणी इथेच पडली होती. पण मी थबकलो कोयनेवरच्या शिवकालीन दगडी पुलापाशी. दगडाला दगड असा बसलेला, की फटीत नखही जाईना. आणि पूल वापरात!

अंधेरीकराला हे सोसत नाही. आमच्या गोखले पुलाचा तुकडा जुलै २०१८ मध्ये रुळांवर कोसळला, २०२२ मध्ये पूल बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तर शेजारचा बर्फीवाला पूल सुमारे दीड मीटर खाली! जुलै २०२४ पर्यंत दोन पूल एकमेकांकडे नुसते बघत राहिले. इथे टेप नाही, क्रेन नाही, निविदा नाही, तरी दोन्ही टोकं जमिनीला टेकतात. मला खरोखर राग आला.

सवयीने मी खाली उतरून पूल पायी ओलांडला. पलीकडच्या म्हातारीला विचारलं, “आजी, या पुलावर किती वजन चालतं?”

“तुझं किती हाय?” असं म्हणून तिने माझं पांढरंफटक तोंड पाहिलं, आत गेली आणि मीठ घातलेलं लिंबू-पाणी घेऊन आली. “पी लेकरा, सावकाश.” मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, गळा एकदम दाटला. पैसे काढले तर रागावली.

निघताना मेव्हण्याने फोनमध्ये ‘अंधेरी’ टाकलं. मी बायकोला म्हटलं, “पूर्व की पश्चिम, तेवढं विचार त्याला.”